डावा पाय

डबीवर नाव कन्नडमध्ये होतं.
आत फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला
लिंबाच्या फोडीएवढा पांढरट गोळा.
उजवा तळवा. रुद्राप्पा ढवळी, वय अठ्ठावन्न,
वडगाव, पॉवरलूम.

मी कापते. बावीस वर्षं हेच करते.
मेणात बसवलेलं माणसाचं थोडंसं काही
पाच मायक्रॉनच्या पापुद्र्यांत,
कोमट पाण्यावर पसरते, काचेवर उचलते,
मग जांभळा रंग, मग गुलाबी.
शहापुरात माझी आत्या साडीचा पदर
असाच नखावर ताणून उजेडात धरायची.

गाठ म्हणजे काय, तर तंतू.
घाईघाईत एका दिशेला निघालेले
आणि मध्येच विसरून वळलेले,
ताणा सोडून नुसता बाणाच भरत गेल्यासारखे.
कॅन्सर नाही, डॉक्टर म्हणाले,
नुसता हट्ट आहे.

पण कडेला, चरबीत,
कांदा.
आडवा चिरलेला, पापुद्र्यावर पापुद्रा,
आणि मधोमध बारीक देठ : ती नस.
तळव्यात हे असतातच, थरथर ओळखायला.
इतके नसतात. एवढे थोराड नसतात.
मी पापुद्रे मोजायला बसले,
चाळिसाच्या पुढे डोळ्यांत पाणी आलं.
तंतूंनी आवळलं म्हणून हे फुगले
की नुसतं ऐकून ऐकून फुगले,
काच सांगत नाही.
रिपोर्टात त्याची एक ओळ झाली, तीही शेवटची.

रिपोर्ट न्यायला तो स्वतःच आला, काठी टेकत.
‘मॅडम, काढल्यालं बघू काय जरा?’
असं कुणी विचारत नाही.
मी स्टूल सरकवलं. त्यानं एक डोळा मिटला,
बराच वेळ गप्प,
मग स्वतःशीच, ‘उळ्ळागड्डी.’
मग माझ्यासाठी, ‘कांदा हाय की हो हा.’

आठ माग एका शेडमध्ये, तो अनवाणी.
तिसऱ्या मागावर धागा तुटला
की डोळ्याच्या आधी तळव्याला कळायचं.
बापाचं तसंच होतं, ते खड्ड्याच्या मागावर.
दोन वर्षांमागं गाठ धरली
आणि कळणं वाढत गेलं :
चौकात वळणारी बस,
शेजारच्या घरातली पिठाची चक्की,
पहाटे कुणी तरी ओढलेली बादली.
रात्री तो पाय खाटेबाहेर लोंबता ठेवून झोपायचा,
जमिनीला लागू नये म्हणून.
‘दुखणं वेगळं हो, कळणं वेगळं.
पर दोन्ही एकाच दारानं आत येवलालं.’

आणि आता उजवा?
तो हसला नाही. ‘लाइट गेल्यावर
शेड कशी हुत्या, तशी.’

डाव्यालाही गाठ आहे, पुढच्या महिन्यात तारीख.
उठता उठता त्यानं डाव्या पायातली चप्पल काढली,
फरशीवर पाय टेकवला,
एखाद्याच्या कपाळावर हात ठेवावा तसा.
‘तुमचं मागचं फ्रिज कुठं तरी सुटलंय बघा.’
मागची खोली बंद होती.
मला तर पंख्याचाच आवाज येत होता.

गुरुवारी मेकॅनिक आला.
कॉम्प्रेसरखालचं एक रबर झिजलेलं,
एक बोल्ट अर्धा बाहेर.
‘तुम्हाला कसं समजलं?’ त्यानं विचारलं.
मी म्हटलं, पेशंटनं सांगितलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.

रजिस्टरमध्ये ढवळींची सही आहे,
कन्नड अक्षरं, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.
डाव्याच्या तारखेचं विचारलं तर म्हणाले, बघू.
महिना उलटला. डबी आली नाही.

काल सगळे गेल्यावर
मी चपला काढून लॅबच्या मधोमध उभी राहिले,
डोळे मिटून, अंदाजे पाच मिनिटं.
फरशी गार होती.
एवढंच कळलं.